नवमीचा अर्धा जाळ

माझा नातू सुनीत सुप्याच्या पुढं, पारनेरच्या माळावर, पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दोन वर्षं माझ्या मागं लागला होता, आजी, एकदा येऊन बघ. मी म्हणायची, बाबा रे, भट्ट्या बघायची हौस माझी केव्हाच फिटली. पण नाताळ झाल्यावर एका सकाळी गाडी दारात लावून तो उभाच राहिला, आणि सूनबाईनं माझी शाल आधीच गाडीत नेऊन ठेवलेली. म्हातारपणी माणसाचं कोण ऐकतंय? गेले.

डोक्यावर पिवळी टोपी, टोपीखाली पदर, हातात निळ्या काचेचा चष्मा, असं माझं सोंग सजवून त्यानं मला लोखंडी जिन्यावरून वर नेलं. समोर भट्टी. कोळसा नाही, भाता नाही. माणसाच्या मांडीपेक्षा जाड असे तीन काळे खांब वरून भंगारात उतरले आणि जो आवाज सुटला तो पायाखालच्या जाळीतून थेट छातीत आला. सुनीत कानाशी ओरडून सांगत होता, आजी, नुसत्या विजेवर वितळतं सगळं, त्या खांबांतून ठिणगी उडते ना, तिच्यावर. मी भंगाराकडं बघत होते. पुढच्या खेपेचा ढीग खाली पडला होता, त्यात अर्धा नांगर होता, सायकलची चाकं होती, कुणाच्या तरी शिवणयंत्राचा पाय होता. भंगार काही बदललेलं नाही, एवढं बघून मला बरं वाटलं.

मग बाजूच्या कोपऱ्यात मला ते दिसलं. खोलीएवढी एक रिकामी लेडल, म्हणजे वितळलेला धातू झेलायचं भांडं, उभी होती आणि तिच्या तोंडात गॅसची लांबलचक ज्वाळा सोडलेली होती. मी विचारलं, हे काय करतात? तर सुनीत म्हणाला, "लेडल वाळवतात आणि तापवतात. आतल्या लेपात ओल राहिली तर संपलंच. म्हणून इथं सही लागते." सही कोण करतं, विचारलं, तर हसून म्हणाला, "आज तुझा नातू." आणि कागदावर मान घालून, वरती न बघताच त्यानं तिथल्या माणसाला विचारलं, "वाळली का रे?"

"हो साहेब, वाळली."

मी कठडा घट्ट धरला. सुनीतला वाटलं, आजीला धगीनं चक्कर आली. तसं वाटू दिलं. त्याला म्हटलं, आधी जाऊन स्वतः बघ, मग सही कर. तो म्हणाला, अगं, यंत्र लावलेलं असतं, आकडा दिसतो. मी म्हटलं, मग आकडा बघ, पण बघ. एवढ्या लोकांत आजीनं असं बोलणं त्याला आवडलं नसावं, पण गेला बिचारा.

आमचा कारखाना म्हणजे नगर शहराच्या बाहेर, माळावर पत्र्याची एक लांब शेड. लढाईची वर्षं, म्हणजे दुसरं महायुद्ध. मालक नगरचेच, फारसे न बोलणारे. उसाच्या चरकाचे लाट, म्हणजे रूळ, मोटेची चाकं, नांगराचे फाळ असं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम व्हायचं, आणि लढाई लागल्यापासून लष्कराच्या तंबूंसाठी चुली. माझे वडील तिथं नमुने करायचे. जी वस्तू ओतायची ती आधी सागाच्या लाकडात हुबेहूब घडवायची, ती मातीत दाबून साचा काढायचा, हे बाबांचं काम. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेले, हात असा की लाकडाच्या चाकाला बोट लावलं तर लोखंडाचंच वाटावं. आमची सात ख्रिस्ती घरं त्या कारखान्यावर जगत होती आणि सातही घरं बाबांच्या शब्दानं तिथं लागलेली.

मी सतराव्या वर्षी कामाला गेले. इयत्ता सातवी पास, पुढं शिक्षिका व्हायचं होतं, पण आई वारलेली, धाकटे दोघे घरात, तेव्हा शिक्षण खुंटीला टांगलं. मी गाभे करायची. ओतलेली वस्तू आतून पोकळ हवी असेल तर साच्याच्या पोटात वाळूचा एक गोळा ठेवावा लागतो, तो गाभा. वाळूत साखर कारखान्याची मळी घालायची, थोडं शेण, मळायचं, पेटीत दाबायचं आणि भाजायचं. आम्ही चौघी बायका हे करायचो. भाजताना गूळ करपल्यासारखा वास सुटायचा आणि तो लुगड्याला, केसांना, भाकरीला लागायचा. रविवारी देवळात बसलं की पाळकसाहेबांच्या बायकोला आमच्या बाकावरून तो वास जायचा आणि त्या हळूच नाकाला रुमाल लावायच्या. मला तेव्हा राग यायचा. आज कुणी तो वास बाटलीत भरून दिला तर उशाशी घेऊन झोपेन.

भट्टी आठवड्यातून दोनदा पेटायची. सकाळी इंजिन सुरू झालं की त्याचा पट्टा पंख्याला लागायचा, पंखा भट्टीत वारा फुंकायचा, आणि मग दिवसभर बोलायचं ते ओरडूनच. दगडी कोळशाचा वास घशात बसायचा. दुपारच्या सुमाराला भट्टीच्या बुडाचं भोक पहारीनं फोडलं की आत तापून पाणी झालेलं बीड पिवळ्या धारेनं बाहेर यायचं, आणि त्या धारेखाली लेडल धरून उभा असायचा तो सावळामामा.

नाव सावळाराम. जामखेडच्या बाजूचा शेतकरी, दुष्काळात नगरला आला तो इथंच राहिला. उंच, सडसडीत, मिशा धगीनं कायम अर्ध्या करपलेल्या. त्याचा खरा मान लेडल उचलण्यात नव्हता, त्याच्या उजव्या हाताच्या तळव्यात होता. साच्याची माती मुठीत दाबायचा आणि सांगायचा, पाणी जास्त हाय, नाहीतर अजून चार मुठी सुकी घाला. कधी चुकला नाही. ओल जास्त असली की साचा फुटतो, कमी असली की ढासळतो, आणि ह्या दोहोंमधली जागा त्या माणसाच्या तळव्याला ठाऊक होती. लेडलीतही, धातू घ्यायच्या आधी, प्रत्येक वेळी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायचा. मालकांनी एकदा त्याला सांगितलं, परदेशात म्हणे विजेवर लोखंड वितळवतात. सावळामामा म्हणाला, "विजंवर दिवा लागतो मालक. लोकंड पेटाया आग लागती." आम्ही सगळ्या हसलो. आता वाटतं, तो असता तर त्या तीन काळ्या खांबांसमोर काय बोलला असता कुणास ठाऊक.

मला तो पोरी म्हणायचा आणि मी मामा. त्याची बायको गजरामामी नाताळात आमच्याकडं करंज्या तळायला यायची, आणि मामा मांडी घालून पहिली करंजी स्वतः खायचा. "तुमच्या देवाची करंजी आमच्या देवाला चालती," म्हणायचा. आमचं एवढं सोपं नव्हतं. कारखान्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. पहारी, फावडी, लेडली धुऊनपुसून ओळीनं मांडायच्या, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. आम्ही सात घरं दारापाशी उभी राहायचो. बाबा पूजेला बसायचे नाहीत, पण खोबऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी घ्यायचे. खायचे नाहीत, टाकायचे नाहीत. खिशात ठेवायचे आणि घरी आल्यावर शेळीला द्यायचे. शेळी मात्र सगळ्या धर्मांची होती.

पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नेम. दसऱ्याला सकाळी नारळ फोडून मुहूर्ताची छोटीशी ओत घ्यायची, मग घरी. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. त्या वर्षी मात्र अष्टमीला शेवटची ओत घेताना मोठ्या लेडलीचा आतला लेप तडकला. आतून चार बोटं जाड मातीचा लेप असतो, तो नसेल तर लेडलच वितळायची. मामानं संध्याकाळच्या आत जुना लेप खरवडून काढला, नवी माती, शेण, भुसा मळून हातानं लेप चढवला. तो वाळवायचा म्हणजे आत बाभळीच्या काटक्यांचा जाळ करून चांगला अर्धा दिवस ठेवायचा. पण अष्टमीचा दिवस संपला होता आणि नवमीला सकाळीच पूजा. पूजा झाली, लेडलीला माळ पडली, कुंकवाची बोटं उठली आणि मग मामाच्या ध्यानात आलं की आता जाळ कोण करणार?

मी दारापाशी होते. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरी, आमास्नी हात लावता येत न्हाई. तुला तसं बंधन न्हाई. दुपारच्याला येऊन आत जाळ कर. दिस मावळंपातूर ठिव. जमंल न्हवं?"

म्हटलं, जमेल की. त्यात काय! मला तर आनंद झाला. दारापाशी उभं राहणाऱ्यांना कुणी आत बोलावलं की होतो तसला.

दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. इंजिन बंद, पंखा बंद. शांततेत चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता, तो एरवी कधी ऐकूच यायचा नाही. झेंडूचा वास, उदबत्तीची राख, ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडतंय. मी लेडलीत काटक्या रचल्या, पेटवल्या. जाळ चांगला धरला. पहिला पाव तास झाला असेल नसेल, काठावरची माळ आकसायला लागली. दोन फुलं काळी पडली. कुंकवाची बोटं तपकिरी व्हायला लागली.

उद्या सगळे येतील, बघतील, आणि म्हणतील, किरिस्तावाच्या पोरीनं पूजा जाळली. मामा काही म्हणणार नाही, पण बाकीचे? माळ काढून बाजूला ठेवायची म्हटलं तर तीही पूजलेली. मामानं जाळ करायला सांगितलं होतं, माळेला हात लावायला सांगितलं नव्हतं. तेव्हा मी काय केलं, तर चिमट्यानं मोठ्या काटक्या काढून घेतल्या, निखाऱ्यांचा आर तेवढा राहू दिला आणि वर पाट झाकला. ऊब राहील, हळूहळू वाळेल. स्वतःला पटवून सांगायला माणसाला वेळ लागत नाही. तास दीड तासानं पाट काढला, काठाच्या आत हात लावून पाहिला. कोरडं, गरम. तळापर्यंत हात पोचला नाही. पोचवला नाही म्हणा.

दसऱ्याच्या सकाळी सगळे नवे कपडे घालून आलेले. मालकांच्या घरून पेढे आलेले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माळ लेडलीवर जशीच्या तशी, दोनच फुलं काळी, कुणाच्या नजरेतही आली नाहीत, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. कशासाठी मानले, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मामानं नारळ फोडला. मग पेढे वाटायला म्हणून कुणीतरी त्याला हात धरून मालकांकडं घेऊन गेलं. तेवढ्यात भट्टीवरच्या माणसानं मुहूर्ताच्या घाईत भोक आधीच फोडलं. धार सुटली की मातीचा गोळा मारून बंद करता येते, पण मुहूर्ताची पहिली धार कोण बंद करणार? अपशकुनच तो. सगळे ओरडायला लागले, लेडल, लेडल. मामा धावत आला, एका हातात अजून पेढा. पेढा कनवटीला खोचला. मी लेडलीच्या जवळ होते. माळ उतरवून त्यानं दांडा धरला आणि माझ्याकडं बघून ओरडला, "पोरी, वाळलीया न्हवं?"

नाही म्हणायला मला एक क्षण होता. नाही म्हटलं असतं तर सगळे विचारणार, का नाही? जाळ पुरता का केला नाहीस? इतकी माणसं, नवे कपडे, पेढे, मुहूर्त, आणि दारापाशी उभी राहणारी मी. आणि काठाला तर कोरडंच लागलं होतं की.

"व्हय मामा," मी म्हटलं. "वाळली."

पंख्याच्या आवाजात ते दुसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नाही.

पुढचं फार नाही सांगत. धार आत पडली, एक दबका आवाज आला, उकळत्या आधणावर झाकण उडावं तसा, आणि धातू वर उसळला. मामानं लेडल सोडली नाही. सोडली असती तर आजूबाजूचे चारपाच जण गेले असते. त्यानं ती वाळूत नीट टेकवली आणि मग तो खाली बसला. दोन्ही हात चेहऱ्यावर. ओरडला नाही. गजरामामी त्याच्यासाठी सोनं म्हणून आपट्याची पानं घेऊन दारात आली होती.

डोळे गेले. दोन्ही. महिनाभर दवाखान्यात होता, आणि तापात, वेदनेत त्या सकाळची सगळी आठवण पुसून गेली. नारळ फोडल्याचं आठवे. त्यापुढचं काही नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "मी हात घालून बगितलं हुतं का रं?" आणि प्रत्येक जण, त्याचं समाधान व्हावं म्हणून, म्हणायचा, "बगितलंच आसंल मामा. तुमी बगितल्याबिगर कदी उचलली का?"

मी त्याच रात्री बाबांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ आपल्या हातातल्या रंध्याचं पातं अंगठ्यानं चाचपत बसले. मग म्हणाले, "बाई, हे कुणाला बोलू नकोस. लोक म्हणतील, पूजेच्या लेडलीला ख्रिस्ती पोरीचा हात लागला म्हणून झालं. तुझ्या एकटीवर नाही यायचं ते. सात घरं आहेत." त्यांचं चुकलं असं मी आजही छातीठोक म्हणू शकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, देव जाणे. पण त्यांनी सांगितलं ते मला सोयीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन महिन्यांनी मामा कारखान्यात आला, मुलाचा खांदा धरून. चेहरा बरा झाला होता, म्हणजे जितका होणार तितका. मालक चांगले माणूस. ते म्हणाले, सावळाराम, डोळे गेले तरी तुझा हात आहे ना? इथं बस. प्रत्येक साच्याची माती तुझ्या मुठीतून जाईल. तुझ्याइतकी माती कुणाला कळते?

आम्ही सगळ्या गाभ्यांच्या पेट्या सोडून उभ्या होतो. मी त्याच्यापासून चार हातांवर. मामानं आपला उजवा तळवा समोर धरला, जणू दिसतोच आहे. मग म्हणाला, "न्हाई मालक. ज्या हाताला लेडलीतली वल कळली न्हाई, त्यो हात माती काय तपासनार? उद्या आनखी कुनाचं डोळं जातील. ह्या हातावर माजाच भरवसा न्हाई ऱ्हायला."

बोलायची तीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मामा, तू बघितलंच नाहीस, तू मला विचारलंस. तुझ्या हाताचा काही दोष नाही. दोन वाक्यं. बाबा पलीकडं लाकूड तासत होते, त्यांचा रंधा थांबला होता. मालकांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. मामा वळला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. आठ दिवसांत ते सगळं कुटुंब जामखेडकडं गावी निघून गेलं. मालकांनी दाखवलेल्या त्या जागेवर कितीतरी दिवस कुणी बसत नव्हतं.

त्यानंतर मी गाभे करायची, भाजायची आणि तो मळीचा वास आला की उठून दाराबाहेर जाऊन उभी राहायची. इतर बायकांना वाटायचं, पोरीचं लग्नाचं वय झालंय. मी शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेत अर्ज केला, प्रवेश मिळाला, बाबांनी धाकट्यांसाठी आत्याला आणून ठेवलं आणि मला सोडलं. वसतिगृहात मुली संध्याकाळी प्रार्थना म्हणायच्या, आमचे अपराध आम्हांस सोड, इथपर्यंत आलं की मी नुसते ओठ हलवायची.

लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी बाबा गेले. छातीत दुखलं आणि गेले. त्यांना मूठमाती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी जामखेडची मोटार धरली. वाटेत निजामाचा मुलूख लागायचा. नाक्यावर गाडी थांबवून शिपाई सगळ्यांची गाठोडी उघडायला लावायचे. माझ्या पिशवीत काही नव्हतं, दोन पाव आणि एक लुगडं. शिपायानं विचारलं, कुठं चाललीस बाई, एकटी? म्हटलं, मामाकडं.

जामखेडहून पुढं दोन कोस चालत. माळरान, कुठं कुठं हुलग्याचं रान, ऊन. गावात शिरल्यावर कुणालाही विचारलं असतं तर घर सापडलं असतं, पण त्याची गरज पडली नाही. ओट्यावर बसून तो अंबाडीचा दोर वळत होता. केस पांढरे झाले होते. मी पायरीपाशी थांबले आणि नुसतं "मामा" म्हटलं. त्यानं लगेच मान वर केली.

"पोरी? नगरची पोरी? अगं, ये की वर. गजरे, बघ कोन आलंय!"

मामी धावत बाहेर आली, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिनं कानाशी बोटं मोडली. मी वर चढले नाही. पायरीवर उभं राहूनच सगळं सांगितलं. जाळ, माळ, दोन काळी फुलं, पाट झाकला ते, तळाला हात नेला नाही ते, आणि तू विचारलंस मामा आणि मी व्हय म्हटलं. तू हात घातलाच नव्हतास. तुझ्या हाताला काही कळलं नाही असं नाही, तो आत गेलाच नव्हता.

दोर वळायचा थांबला. मामी तोंडावर पदर घेऊन दारातच उभी राहिली. मामानं आपला उजवा हात वर करून मांडीवर उपडा ठेवला, मग उताणा, मग पुन्हा उपडा. मला रडू येत होतं पण रडले नाही, म्हटलं, आपलं रडणं ह्याच्या दारात नको.

"जाळाचं जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "मानूस चुकतं. मी बी तुला इचारायचं न्हवतं, म्या बघायचं हुतं. ते गेलं." आवाज अगदी साधा, माती कमी आहे की जास्त सांगायचा तसा. "मला येक सांग. मी मालकाला न्हाई म्हनलो, माजा हातावर भरवसा न्हाई म्हनून. तवा तू तितं हुतीस का?"

"होते," मी म्हटलं. "चार हातांवर."

त्यानं मान हलवली. दोर उचलला आणि पुन्हा वळायला घेतला. मामीला म्हणाला, "हिला भाकर वाढ. लांबून आलीया. जेवल्याबिगर जाऊ दिऊ नगं." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी आत चुलीपाशी बसून बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाल्लं, एकेक घास, आणि बाहेर दोर वळल्याचा आवाज येत होता. निघताना पायाशी वाकले तर पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

पुढच्या वर्षी तो नगरला परत आला. मालकांकडं गेला आणि म्हणाला, आता बसतो. त्याच्या मुठीतून पुढं कितीतरी वर्षं त्या कारखान्यातली माती गेली. मी तोवर नगरच्याच शाळेत शिक्षिका झाले होते, त्या रस्त्यानं माझं जाणं-येणं असे. संध्याकाळी तो दारापाशी दगडावर बसून लोकांशी गप्पा मारत असायचा. मी कुणाशी दोन शब्द बोलत जवळून गेले की तो बोलायचा थांबायचा. मी पुढं गेले की पुन्हा सुरू व्हायचा. पुढं पुढं मी त्या दारावरून जाताना गप्प राहायला शिकले, म्हणजे त्याचं बोलणं तुटायचं नाही.

परत येताना गाडीत सुनीतनं विचारलं, आजी, तुला तिथं झालं काय? मी सगळं सांगितलं. सुपं मागं पडलं, नगरचे दिवे दिसायला लागले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना आजी. लहान होतीस तू तेव्हा."

"अठराची होते," मी म्हटलं. "बोलता येत होतं मला."